आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

काही दुखणी अशी असतात की, ती दुसऱ्यास दाखविता येत नाहीत. ताप आला तर तो थर्मामीटरवर दिसतो. हाड मोडले तर एक्स-रेच्या चित्रात दिसते. परंतु कोपराखाली हात ठणकतो, रात्री झोप मोडते, हातातली वस्तू एकाएकी गळून पडते, एवढेच ज्याचे गाऱ्हाणे असते, त्याला घरातली माणसे सांगतात, “वय झाले, आता असे चालावयाचेच.” अशाच एका दुखण्याची हकीकत आज सांगणार आहे. ती माझ्या थोरल्या बंधूंची आहे. त्यांची अनुमती घेऊनच ती येथे लिहीत आहे.

आमचे दादा भिलाईजवळ मरोद्यास राहतात. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार भारत व सोव्हिएत संघ यांमध्ये १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढे कामाच्या शोधात नागपूर-भंडाऱ्याकडून जी पुष्कळ मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांत आमचे वडीलही होते. मरोद्याच्या जलाशयाचे पाणी कारखान्यास जाते, आणि जलाशयाच्या अंगाने वसलेल्या वस्तीत आमचे बालपण गेले. दादा कारखान्यात नोकरीस लागले नाहीत. त्यांनी बाजारात पंप आणि मोटारी दुरुस्त करण्याचे स्वतःचे लहानसे दुकान काढले. तीस वर्षे त्यांचा उजवा हात पाना फिरवीत आला आहे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूस दुखू लागले. एका दवाखान्यात “टेनिस एल्बो” असे निदान झाले आणि कोपराच्या हाडापाशी एक इंजेक्शन मिळाले. आठ दिवस बरे वाटले. मग दुखणे पूर्ववत. दोन महिन्यांनी त्याच जागी दुसरे इंजेक्शन झाले. या खेपेस दुखणे तर राहिलेच, शिवाय सुई टोचली होती तेथील त्वचा हळूहळू फिकट होत गेली आणि रुपयाएवढा पांढुरका डाग पडला.

खरे संकट त्यानंतर आले. हातातून पाना निसटतो आणि हातावर पांढरा डाग आहे, एवढे दोन धागे जुळविण्यास लोकांना वेळ लागत नाही. छत्तीसगडात कुष्ठरोगाचे प्रमाण देशातील इतर पुष्कळ राज्यांहून अधिक राहिलेले आहे. चहाच्या टपरीवर दादांचा पेला एके दिवशी निराळा ठेवलेला दिसला. कोणी काही बोलले नाही. दादाही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टपरीवर जाणे सोडले आणि भर उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालू लागले. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज दबका होता. “वन्सं, तुम्ही एकदा येऊन जा. हे मलाही हात दाखवीत नाहीत.”

मी गेले. दादा म्हणाले, “काही नाही ग, एक शीर दबली आहे, इतकेच.”

माझा व्यवसाय अनुवादाचा. आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणताना “शीर” आणि “नस” या शब्दांशी माझी रोज झटापट होते. रक्त वाहते ती शीर, आणि संवेदना व हालचालीचा हुकूम वाहून नेतो तो मज्जातंतू. बोलताना मात्र आपण दोहोंना एकच नाव देतो, आणि त्यामुळे “शीर दबली” असे कोणी म्हटले की, नेमके काय दबले आणि कोठे, हा प्रश्न विचारण्याचे राहूनच जाते. दादांच्या बाबतीत हाच प्रश्न दोन इंजेक्शने होईपर्यंत कोणी विचारला नव्हता.

कोपर आणि मनगट यांमधल्या भागास अग्रबाहू म्हणतात. त्यातून तीन मुख्य मज्जातंतू जातात. एक पुढच्या अंगाने मध्यातून जातो व अंगठ्याकडील साडेतीन बोटांना संवेदना देतो. दुसरा कोपराच्या आतल्या बाजूस हाडामागून जातो. तेथे आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, हा अनुभव प्रत्येकाने घेतला आहे. तिसरा बाहेरच्या अंगाने येतो आणि कोपराशी त्याच्या दोन शाखा होतात. त्यांतील खोल शाखा एका स्नायूच्या दोन पदरांमधून आत शिरते. तळहात वर वळविण्याचे काम हा स्नायू करतो. पाना फिरविताना, पेच आवळताना, ओले कपडे पिळताना हाच स्नायू राबतो. त्याच्या वरच्या काठाशी काही माणसांत तंतुमय कमान असते. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ फ्रित्स फ्रोझे यांनी १९०८ साली तिचे वर्णन केले आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पडद्याच्या दोरीत बोट अडकावे, तशी मज्जातंतूची ही शाखा त्या कमानीखाली दाबली जाऊ शकते.

कोपराच्या बाहेर जे हाड हातास लागते, त्याच्या खाली दोन-तीन बोटांवर ही जागा येते. टेनिस एल्बोचे दुखणे हाडावर असते. हे दुखणे हाडाखालच्या स्नायूत असते. अंतर इतके थोडे की, गल्लत सहज होते. टेनिस एल्बो म्हणून वागविलेली काही हट्टी दुखणी वस्तुतः या मज्जातंतूच्या दबण्याची असतात, हे रोल्स आणि मॉड्सली या दोन ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी १९७२ साली मांडले. आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दादांच्या हातात रामेश्वर आणि सोमेश्वर यांमध्ये तीन बोटांचे अंतर होते, आणि बंब दोनदा चुकीच्या गावी गेला होता.

आम्ही दादांना रायपुरास एका तज्ज्ञाकडे नेले. त्यांनी सुईचे नावही काढले नाही. प्रथम त्यांनी सदऱ्याची बाही वर करावयास सांगितली आणि त्या पांढुरक्या डागावर कापसाचा पेळू हलकेच फिरविला. दादांना डोळे मिटावयास सांगून विचारले, “कळते का?” दादा म्हणाले, “कळते.” मग टाचणीच्या टोकाने पाहिले, तेही कळले. कोपरामागचा मज्जातंतू बोटांनी चाचपून पाहिला. तो जाड झालेला नव्हता. अंगावर अन्यत्र कोठे डाग नव्हता. डॉक्टर म्हणाले, “हा कुष्ठरोगाचा डाग नाही. कुष्ठरोगाच्या डागावर स्पर्श कळत नाही किंवा कमी कळतो. हा इंजेक्शनमधील स्टेरॉइडमुळे पडलेला डाग आहे. औषध त्वचेच्या फार जवळ राहिले की रंग उतरतो. बहुधा काही महिन्यांनी तो भरून येतो.”

वहिनी भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे टिपले.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट सांगणे मला अगत्याचे वाटते. समजा तो डाग कुष्ठरोगाचा असता, तर? तरीही निराळा पेला ठेवण्याचे कारण नव्हते. पेल्याने, हस्तांदोलनाने हा रोग पसरत नाही. आणि औषध सुरू होताच रोग्यापासून इतरांना होणारा धोका लवकरच संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेला बहुविध औषधोपचार आपल्या देशात सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळतो आणि रोगाच्या प्रकारानुसार तो सहा किंवा बारा महिने घ्यावयाचा असतो. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून बाबा आमटे यांनी या रोग्यांना माणसांत आणण्यासाठी आयुष्य वेचले, हे मराठी वाचकास सांगावयास नको. म्हणून हातास बधिरता आली आणि सोबत न कळणारा डाग असला, तर लपवू नये. सरकारी दवाखान्यात जावे. उशीर झाल्यास मज्जातंतूची जी हानी होते, ती औषधाने पुरी भरून येत नाही.

आता दादांच्या हाताकडे वळू. डॉक्टरांनी कोपराखाली दोन-तीन बोटांवर अंगठा दाबला, तेव्हा दादा कळवळले. मधले बोट ताठ धरावयास सांगून त्यावर वरून दाब दिला. तेथेच कळ आली. तळहात वर वळवावयास सांगून विरोध केला. पुन्हा तीच कळ. मान आणि खांदाही त्यांनी तपासला, कारण मानेतल्या मणक्यांपाशी मज्जातंतू दबला तरी दुखणे हातात उतरते. मग म्हणाले, “सोनोग्राफी करू.”

सोनोग्राफीच्या खोलीच्या दारावर ठळक अक्षरांत पाटी होती : गर्भलिंगनिदान करणे हा कायद्याने गुन्हा आहे. वहिनींनी मला हळूच विचारले, “वन्सं, पोटातले बाळ पाहावयाचे यंत्र ना हे? यांच्या हाताला कशाला?” पुष्कळांना हा प्रश्न पडत असेल. यंत्र तत्त्वतः तेच. कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडावयाच्या आणि त्यांच्या परत येणाऱ्या पडसादांवरून चित्र उभे करावयाचे. त्यात क्ष-किरण नसतात. त्वचेखाली जवळच असलेल्या मज्जातंतूसाठी अधिक कंपनसंख्येच्या लहरी वापरतात. त्या खोल जात नाहीत, पण चित्र बारीक देतात. मज्जातंतू असा पाहता येतो, हे १९८८ साली फोर्नाज या वैद्यकाने प्रसिद्ध केलेल्या लेखातून ठळकपणे पुढे आले. योगायोग असा की, त्याच १९८८ साली गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने केला. संपूर्ण देशासाठीचा कायदा १९९४ साली झाला. त्यामुळे यंत्र हातासाठी वापरावयाचे असले तरी त्याची नोंदणी आणि दारावरची ती पाटी आवश्यकच असते. जेथे अशी पाटी नाही, तेथे रुग्णाने दोनदा विचार करावा.

पडद्यावर डॉक्टरांनी आम्हांस मज्जातंतू दाखविला. आडव्या छेदात तो मधाच्या पोळ्याच्या लहानशा तुकड्यासारखा दिसतो. कमानीच्या अलीकडे तो फुगलेला होता आणि कमानीखाली चपटा. दादा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पाइप दबला म्हणजे अलीकडे फुगतो, तसेच झाले की हे.” दोन वर्षे ज्या दुखण्यास नाव नव्हते, ते त्यांना आपल्या धंद्याच्या भाषेत समजले.

तरीही सुई लगेच आली नाही. आधी सहा आठवडे पाना फिरविणे बंद, हातास आधाराची पट्टी आणि सांगितलेले व्यायाम, असा क्रम ठरला. पुष्कळांचे दुखणे एवढ्यानेच उतरते. दादांचे निम्मे उतरले. रात्रीची कळ राहिली. तेव्हा सोनोग्राफीच्या साहाय्याने इंजेक्शन देण्याचे ठरले.

हे इंजेक्शन पूर्वीच्या दोहोंहून कसे वेगळे, ते नीट समजून घ्यावे. डॉक्टर एका हाताने प्रोब धरतात, दुसऱ्या हाताने सुई. सुई बाजूने अशी आत जाते की, तिची सबंध लांबी पडद्यावर दिसत राहते. रक्तवाहिनी कोठे, मज्जातंतू कोठे, सुईचे टोक कोठे, हे सारे डोळ्यांसमोर असते. टोक मज्जातंतूत शिरवावयाचे नसते, त्याच्या शेजारी थांबवावयाचे असते. मग काही मिलीलिटर द्रव हळूहळू सोडतात. ओल्या कपड्यांचे चिकटलेले दोन पदर पाण्याने सुटे व्हावेत, तसा तो द्रव मज्जातंतूस भोवतालच्या पदरांपासून सुटा करतो. द्रवात साधे सलाइन, बधिर करणाऱ्या औषधाचा अंश आणि प्रसंगानुसार स्टेरॉइड किंवा पाच टक्के डेक्स्ट्रोज असते. दादांना स्टेरॉइड दिले नाही, डेक्स्ट्रोज दिले. सगळा प्रकार पंधरा मिनिटांत आटोपला.

डॉक्टरांनी एक सूचना आधीच दिली होती, ती फार उपयोगी पडली. या मज्जातंतूवर बोटे व मनगट उचलण्याचे काम असते. त्यामुळे बधिर करणाऱ्या औषधाचा अंमल असेपर्यंत काही तास बोटे लुळी वाटू शकतात. तसेच झाले. आधी सांगितले नसते, तर वहिनींचा धीर सुटला असता. त्या दिवशी वाहन चालवावयाचे नाही, गरम भांडे उचलावयाचे नाही.

आता या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. मनगटात दबणाऱ्या मधल्या मज्जातंतूसाठी अशा इंजेक्शनांचा अभ्यास बराच झाला आहे. तैवानमधील वैद्यकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत डेक्स्ट्रोजचा गुण सहा महिन्यांपर्यंत टिकलेला आढळला. अग्रबाहूतल्या दुखण्यासाठीचे अभ्यास लहान आणि थोडे आहेत. सोनोग्राफीने सुईची जागा चुकण्याचा संभव पुष्कळ कमी होतो, पण निदान चुकले असेल तर अचूक सुईही व्यर्थच. शिवाय बोटे उचलता येईनाशी झाली, हाताचा स्नायू सुकू लागला, तर इंजेक्शनाच्या आशेवर बसू नये. मज्जातंतूतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो याची तपासणी करून शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. तो दाबणारी कमान कापून मज्जातंतू मोकळा करू शकतो.

स्टेरॉइडविषयीही दोन शब्द. ते औषध वाईट नाही; योग्य जागी, योग्य मात्रेत त्याचा गुण येतो. पण मधुमेह असणाऱ्यांची रक्तातील साखर त्यामुळे काही दिवस वाढते. म्हणून मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाचे वावडे, अंगात कोठे पू किंवा ताप, हे सारे इंजेक्शनापूर्वी न विचारताही सांगावे. इंजेक्शननंतर ती जागा लाल होऊन सुजली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी परत जावे. सुई आत असताना विजेचा झटका बसल्यासारखी कळ बोटांपर्यंत गेली, तर भिडेखातर गप्प बसू नये, तत्काळ बोलावे.

दादांच्या हाताचे काय झाले? पहिल्या आठवड्यात फारसा फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला की, रात्री झोप लागते. एक महिन्याने दुसरे इंजेक्शन झाले. आज दुखणे समूळ गेले असे नाही. दिवसभर काम केले की हात जड होतो. परंतु सुईने जागा मोकळी केली तरी तोच पाना तसाच दिवसभर फिरविला तर मज्जातंतू पुन्हा दबणार, हे दादांना पडद्यावर पाहिल्यापासून पटले आहे. त्यांनी लांब दांड्याचे पाने घेतले. म्हणजे जोर कमी लागतो. गंजलेल्या नटावर आधी तेल सोडून थांबतात. कठीण आवळणी दुकानातल्या तरुण मुलास करावयास देतात आणि त्यालाही सांगतात, “मनगट पिळून जोर लावू नकोस, खांद्यातून लाव.” घरात ओल्या चादरी पिळण्याचे काम वहिनी एकट्या करीत, आता चादरीची दोन टोके दोघेजण धरतात.

डाग अजून पुरा गेलेला नाही, कडेने रंग भरत आला आहे. गेल्या खेपेस मी मरोद्यास होते तेव्हा दादा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून टपरीवर निघाले. मीही बरोबर गेले. दादांनी चहा मागविला आणि हात सरळ फळीवर ठेवून डागाची हकीकत सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली, कापसाच्या पेळूचीसुद्धा. टपरीवाल्याने काही न बोलता सर्वांचे पेले एकाच थाळ्यात ठेवले.

वाचकहो, आपल्या घरात कोणाचा हात असा दुखत असेल, तर “शीर दबली” एवढ्यावर समाधान मानू नये. वैद्यास तीन प्रश्न नम्रपणे अवश्य विचारावे : कोणता मज्जातंतू दबला आहे? कोठे दबला आहे? आणि कशामुळे दबला असावा? पहिल्या दोहोंची उत्तरे मिळेपर्यंत सुई घेण्याची घाई करू नये. तिसऱ्याचे उत्तर बहुधा आपल्या रोजच्या कामातच सापडते.